नीरफणसाचं पान

या, बसा. जवळ बसा, पावसाचे थेंब आत येतायत. लाइट काही आता सकाळपर्यंत येत नाही. दिगू, तो कंदील मध्ये ठेव आणि पाय आवर. एवढा बाप्या झालास तरी पाय पसरून बसायची खोड गेली नाही.

नीरफणसाची कापं खाल्लीत ना सगळ्यांनी? कशी झाली होती? मला काय विचारता, मी कुठं खाल्ली! या ऋतुजानं, आमच्या आक्काच्या नातसुनेनं, मघाशी विचारलं. "आजोबा, झाड तुम्ही लावलंत, फळ तुम्ही काढून दिलंत, साल तुम्ही तासलीत. मग तुम्ही एकही काप का खाल्लं नाहीत?" घाटावरची पोर, तिला कोणी सांगितलेलं नाही. बाकीच्यांनी लगेच माना खाली घातल्या. अरे, माना कशाला घालता? विचारलं ते बरं झालं. पण आता उठायचं नाही हां मधेच. भीती वाटली तरी नाही. ऐका.

पन्नास वर्षं झाली. तेव्हा या अंगणात नीरफणस नव्हता. या वाडीत नव्हता, शेजारच्या वाडीत नव्हता. पार डोंगरापलीकडे पाणवलला एक होता, माझ्या सासऱ्याच्या दारात. सासऱ्याच्या बापानं होडीतून कारवारकडून आणलेला. लोक लांबून बघायला यायचे. फणसासारखा फणस, पण काटे नाहीत, गरे नाहीत, आठळी नाही. बीच नाही त्याला! मग नवं झाड यायचं कुठून? तर मुळातून. त्याची मुळं जमिनीच्या वरवर धावतात. एखादं मूळ कोयतीनं थोडं दुखवायचं, आणि वाट बघायची. दोन-तीन महिन्यांनी त्या जखमेतून फूट येते. ती फूट मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट उचलायची. आई दुखावल्याशिवाय पोर नाही, असं ते झाड.

आणि सासऱ्याचा एक नियम होता. तो नीट ऐका, सगळं त्याच्यावर आहे. फूट उचलली की वाटेत टेकवायची नाही. कुठंच नाही. दगडावर नाही, बांधावर नाही, घटकाभरसुद्धा नाही. "जिथं टेकेल ती तिची जागा," म्हणायचा म्हातारा. "मग दुसरीकडं ती जगत नाही."

मी हसायचो. माझ्या बायकोनं, सुंदरानं, लग्नाच्या पहिल्या वर्षीच मागितलं होतं, "माझ्या माहेरचो नीरफणस दारात लावा." दुसरं काही मागितलं नाही तिनं कधी. ना लुगडं, ना डागदागिना. मी चार वेळा फूट आणली. चारही वेळा व्हाळाच्या, म्हणजे त्या ओढ्याच्या, अलीकडं गोणपाट खाली ठेवलं, विडी ओढली, पाणी प्यायलो, मग घरी आलो. चारही मेल्या. गड्डा फुटायचा, दुसरं काय! पण तिला सांगितलं नाही मी कधी खाली ठेवल्याचं. ती बिचारी रोज पाणी घालायची. काठी सुकून वाजायला लागली तरी घालायची.

श्रावण आला, मासे बंद झाले, की तिला माहेरची कापं आठवायची. जाड काप कापायचं, हळद-तिखट-मीठ लावायचं, रव्यात घोळवून तव्यावर सोडायचं. सांगताना तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. सासू-सासरे मेले होते. भाऊ घराला कुलूप लावून गेलेला. माहेर म्हणून तेवढं एक झाडच उरलं होतं तिला.

आणि मग ती आजारी पडली. छातीचा आजार. दोन महिने अंथरुणाला खिळली. दिवसरात्र खोकला. या पडवीत बसलं तरी ऐकू यायचा, अंगणात गेलं तरी, विहिरीवर गेलं तरी. आम्हाला त्या खोकल्याची सवय झाली होती. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. म्हणजे काय ते तुम्हाला कळतं.

तर दिव्याची अवस होती. आषाढातली अमावास्या. माझ्या थोरल्या बहिणीनं, तानीआक्कानं, दिवे घासून पाटावर मांडलेले. तेवढ्यात पाणवलचा एक माणूस निरोप घेऊन आला. मेव्हण्यानं जागा विकली. उद्या सकाळी करवतवाले येतायत. झाड पडणार.

मी सुंदराकडं बघितलं. तिनं ऐकलं होतं. रडली नाही. म्हणाली, "जावा तुमी. एक फूट आणा. दारात लावलेली माका बघूंदे, मगे खंय जावचा ता जाईन." आणि मी कोयती कमरेच्या आकडीला लावतोय तर परत म्हणाली, "आयकलात? आणलात की आदी माका पान दाखवा. मगे लावा." नीरफणसाचं पान बघितलंयत ना? केवढं मोठं, हाताची बोटं फाकवावी तसं. त्या पानावर ती लहानपणी भात खायची.

मी म्हटलं, "दाखवतंय. आदी तुकाच." शब्द दिला. आणि दिवे लागले तसा निघालो.

जायची वाट कुठली? साकवाची! तो पलीकडं व्हाळ आहे, त्याच्यावर तेव्हा सुपारीच्या खोडांचा साकव होता, एक माणूस जाईल एवढा. तिथं गिऱ्हा. ऋतुजाबाय, तुला गिऱ्हा माहीत नसेल. पाण्यातलं भूत. बुडून मेलेल्याचं. ते तुला घाबरवत नाही. ते तुझ्याशी गोड बोलतं. ओळखीच्या आवाजात बोलतं. आणि बोलत बोलत खोल पाण्यात नेतं. आमच्या लहानपणी तीन माणसं नेली त्यानं.

जाताना मला काही झालं नाही. अहो, रिकाम्या हाताच्या माणसाकडं गिऱ्हा बघतसुद्धा नाही!

पाणवलला पोचलो. काळोख मिट्ट. गळ्यात तीन सेलची बॅटरी. घर ओसाड, पण झाड काय दिमाखात उभं! दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, माहीत आहे ना? मला माहीत होतं. मी हात जोडले. म्हटलं, "बाबा, तुझी लेक मागतेय. मला माफ कर." आणि मुळावर कोयती घातली. जुन्या जखमेतून आलेली गुडघ्याएवढी फूट, तीन पानं, खाली हा एवढा गड्डा. गोणपाटात बांधली. खांद्यावर घेतली. म्हटलं, विसराम, यावेळी मेलास तरी टेकवायची नाही!

निघालो. सडा, म्हणजे वरचा कातळाचा माळ, संपला. उतार लागला. आणि मागून खाकरलं कोणीतरी.

"विसरामा! रे विसरामा!"

आमच्या शेजाऱ्याचा, जनूचा आवाज. मी ओ दिली नाही. गिऱ्हा दोनदा हाक मारतं, तिसऱ्यांदा मारत नाही. मी तिसरीची वाट बघितली. आली नाही. पण आवाज माझ्या खांद्याशी आला. "वायच तंबाखू दी रे. ओझा खाली ठेव आणि दी."

मी चालतच राहिलो. मागं बघितलं नाही. पावलं माझ्याबरोबर, पच पच, पच पच. पाऊस थांबलेला, तरी त्याची पावलं ओली. मग थांबली.

थोडा पुढं आलो तर वाटेच्या कडेला एक म्हातारी. समोर लाकडांची मोळी पडलेली. "पुता, मोळी वायच डोक्यार चढव रे. ओझा खाली ठेव तुझा."

आता सांगा. आपल्याकडं मोळी उचलून द्यायला कोणी नाही म्हणतं? वैरी असला तरी देतो. माझे हात आपोआप हलले! खांद्यावरचं गोणपाट खाली येत येत छातीशी आलं. आणि बॅटरीच्या उजेडात मला दिसलं. तिच्या लुगड्याच्या काठातून पाणी गळत होतं. थेंब थेंब नव्हे, धार. आणि मोळीची लाकडं कुजकी, शेवाळ धरलेली. मी गोणपाट परत खांद्यावर टाकलं आणि सुटलो. मागून ती हसली असती तर बरं वाटलं असतं. ती रडत होती. "कोण माका मोळी चढवणा नाय... कोण चढवणा नाय..." अजून माझ्या कानात आहे तो आवाज.

आणि मग ओझं जड व्हायला लागलं. गड्डा पाच शेराचा, तो मणाचा झाला. खांदा निखळतो की काय! मी धावतोय, पण वाट सरत नाही. तोच वाकडा काजू. परत तोच काजू. परत तोच! गोल गोल फिरवत होतं मला. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पोचू दे रे देवा, मला नको काही, तिला फक्त पान दाखवू दे.

आणि एकदम घर दिसलं!

हो, हेच घर. हे अंगण. पाटावर मांडलेले दिवे लखलख पेटलेले. तानीआक्का अंगणात उभी. "इलंस रे? बरा झाला. खड्डो तयार आसा. ठेव आणि माती लोट."

खड्डा खरंच तयार होता, दारासमोर, जिथं सुंदराला हवा होता तिथंच. मी हसलो. धाप लागलेली. वाकलो. गोणपाट खड्ड्यावर धरलं. आता सोडणार...

तेवढ्यात वाटलं, काहीतरी चुकतंय. काय चुकतंय? सगळं तर बरोबर आहे. दिवे आहेत, आक्का आहे, खड्डा आहे.

घरातून खोकला येत नव्हता.

दोन महिन्यांत एक घटका अशी नव्हती की त्या घरातून खोकला नाही. मी म्हटलं, हे माझं घर नव्हे! ओरडलोच. आणि फटकन सगळं विझलं. बॅटरी मारली तर मी व्हाळाच्या काठावर गुडघाभर चिखलात. खड्डा म्हणजे समोरचा काळा डोह. अजून वीतभर वाकलो असतो, तर आज तुम्ही दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट ऐकत बसला असता.

दिगू, कंदील मोठा कर. नाही, घाबरलो नाही मी. इथून पुढचं सांगताना मला तुमची तोंडं दिसायला हवीत.

पाणी चढलेलं. साकव वाहून गेलेला. पाण्यात उतरूनच पलीकडं जायचं. उजवीकडून उतरायचं की डावीकडून, काही कळेना. बॅटरी मंद झालेली. आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी उभं राहिलं.

सुंदरा.

ताठ उभी. दोन महिन्यांत ती कुशीवर वळली नव्हती, आणि इथं दोन पायांवर उभी, निळं लुगडं, कपाळावर कुंकू. हसत होती. लग्नात हसली होती तशी. पाण्यावरून अलीकडं आली. पाऊल भिजलं नाही तिचं. माझ्यापासून चार हातांवर थांबली.

"आयकलात?" म्हणाली. "दमलात ना? माका पान बघूंदेत."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, याची मजल इथपर्यंत गेली! जनू झाला, म्हातारी झाली, आक्का झाली, आणि आता माझी बायको? जी तिकडं शेवटच्या घटका मोजतेय ती? असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. मी आकडीची कोयती उपसली. उगारली तिच्यावर.

"गिऱ्ह्या, तोंड काळां कर तुझा! माझ्या बायलेचा रूप घेतंस? ती हांथरुणार पडान आसा!"

ती मागं सरली. हसू गेलं तिचं. परत म्हणाली, हळूच, "एकदाच बघूंदेत. मगे जातंय."

मी थुंकलो. तिच्या तोंडासमोर थुंकलो. नऊ वर्षांच्या संसारात मी तिला कधी अगंतुगंपलीकडं बोललो नव्हतो.

ती बाजूला झाली. वाट मोकळी केली. म्हणाली, "बरां. सांभाळून जावा. उजव्या अंगान उतरा. डावीकडे पानी खोल आसा."

मी मनात म्हटलं, हा! गिऱ्हा उजवीकडं म्हणतंय, म्हणजे मरण उजवीकडं. मी डावीकडून उतरलो. मुद्दाम.

आणि गेलो की खाली! पायाखाली जमीनच नाही. छाती, गळा, नाकातोंडात पाणी. बॅटरी गेली. खालून पायाला मिठी बसली, गार, घट्ट, दोन्ही हातांची. तेव्हा कळलं खरं गिऱ्हा कसं धरतं ते. मी दोन्ही हात वर केले, गोणपाट डोक्यावर धरलं, आणि पाय झाडत राहिलो. कोयती दातांत. किती वेळ ते देवाला ठाऊक. एका मुळीला पाय अडकला, मी रेटा दिला, आणि उजव्या बाजूच्या खडकावर पोट घासत पलीकडं चढलो. उजवीकडं पाणी घोट्याएवढं होतं.

घोट्याएवढं!

तरी मला कळलं नाही. ऐका, तरी कळलं नाही या गाढवाला. मी देवाचे आभार मानले. म्हटलं वाचलो, फूट वाचली, तिन्ही पानं शाबूत. नियम मोडला नाही. आता सुंदराला दाखवतो. पळत सुटलो.

घराजवळ आलो. पाटावरचे दिवे मिणमिणत होते. तानीआक्का अंगणात उभी.

आणि खोकला नव्हता.

मी बेड्यापाशीच, अंगणाच्या फाटकापाशीच, थांबलो. म्हटलं, परत तेच! परत फसवतंय. आक्कानं हाक मारली, "विसराम!" मी ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली. मी कोयती हातात घेतली. आक्का माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं तिसऱ्यांदा हाक मारली.

माणूसच तीनदा हाक मारतं.

आत सुंदराला खाली घेतलं होतं. डोक्याशी दिवा. आक्का म्हणाली, "तुझीच वाट बघी होती रे. मघाशी एकदम उठान बसली. मी घाबरलंय. म्हणाली, 'ते व्हाळाकडे पावले गो आक्कां. पानी चढलाहा, तेंका वाट गावाची नाय. मी जावन सांगान येतंय.' आणि मान टाकली."

मी गोणपाट खांद्यावर घेऊन तसाच उभा. आक्का म्हणते, ठेव ते खाली. माझ्याकडून ठेववेना. तेव्हा एक एक आठवायला लागलं. तंबाखू मागणारा म्हणाला, ओझं खाली ठेव. म्हातारी म्हणाली, खाली ठेव. ती खोटी आक्का म्हणाली, ठेव. गिऱ्ह्याला ती फूट खाली टेकवून हवी होती. आणि सुंदरा? ती एकदाही "ठेवा" म्हणाली नाही. तिच्या बापाचा नियम तिला माहीत होता. ती फक्त म्हणाली, पान बघूंदेत.

मी फूट हातातच धरून गोणपाटाची गाठ सोडली. तिच्या तोंडासमोर पान धरलं. म्हटलं, "बघ गो. आणलंय. आदी तुकाच दाखवतंय." डोळे मिटलेले होते. आक्कानं माझा हात धरून बाजूला केला.

त्याच रात्री आक्काच्या हातात फूट देऊन खड्डा खणला. तिला न्यायच्या आधी फूट लावली. जगली. अशी जगली की सात वर्षांत फळ! आज पन्नास वर्षं झाली, पावसाळ्यात पोतंभर उतरतं, गाव खातो, मुंबईला जातं. याच्या फुटी मी किती जणांना दिल्या. प्रत्येकाला सांगतो, टेकवू नका. कोणाला कारण विचारू देत नाही.

आणि मी खात नाही. एकदा खाल्लं होतं, फळ धरलं त्या पहिल्या वर्षी. आक्कानं काप तळून पानात वाढलं. घास तोंडात घेतला. चव छान होती, खोटं कशाला बोलू, सुंदरा सांगायची तशीच होती. गिळलाच नाही.

तुम्ही म्हणाल, आजा, मरता मरता ती तुला वाचवायला आली, केवढं प्रेम! गेल्या साली एकजण म्हणाला मला असं. त्याला मी उठवून लावला. प्रेम होतं हे मला माहीत नाही का? म्हणूनच तर! परक्याला शिवी दिली असती तर विसरलो असतो.

आता व्हाळावर पूल झालाय, पण खालची वाट तशीच आहे. तुम्ही त्या वाटेनं जायचं नाही. दिगू, तू तर नाहीच, शॉर्टकट म्हणून मोटारसायकल घालतोस ते मला माहीत आहे. गिऱ्हा मारेल म्हणून नव्हे रे. मेलेलं परवडलं. तिथं आपलं माणूस कुठलं आणि भूत कुठलं ते ओळखता येत नाही, आणि चूक झाली तर ती दुरुस्त करायला परत कोणी भेटत नाही.

मी? मी जातो. दर वर्षी, दिव्याच्या अवसेला. चोरून कशाला, सगळ्यांना ठाऊक आहे. झाडाचं एक चांगलं पान काढतो, पुलाखाली त्या खडकावर जाऊन बसतो, आणि पान धरून ठेवतो पाण्याकडं. म्हणतो, बघ. पहाटेपर्यंत बसतो. पन्नास वर्षं झाली. कोणी येत नाही. कोणी हाक मारत नाही. एवढं पाणी आहे, काळोख आहे, हातात ओझं आहे, तरी गिऱ्हासुद्धा मला तंबाखू मागायला येत नाही.

चला, उठा आता. ऋतुजाबाय, ताटात दोन कापं राहिलीत, ती कोणाला तरी दे. टाकू नको.